बशीतला चहा आणि झाकलेला कॅलरीमीटर

कपात ओतलेला चहा तीन वाटांनी निवतो. कपाच्या भिंतीतून आणि बुडातून उष्णता बाहेरच्या हवेला व टेबलाला मिळते, काही प्रारणाने निघून जाते आणि उरलेली वाफेबरोबर उडते. उघड्या कपात पहिली काही मिनिटे ही तिसरी वाट सर्वांत मोठी असते. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मात्र नेमकी तीच बंद केलेली असते.

अकरावीला न्यूटनचा शीतलनाचा नियम शिकवला जातो. काळा केलेला कॅलरीमीटर, त्यात गरम पाणी, ढवळणी, तापमापी आणि वर झाकण. दर मिनिटाला तापमान नोंदवायचे आणि आलेख काढायचा. झाकणामुळे वाफ अडते, म्हणून तापमानातील फरकाचा लॉग घेतला की जवळपास सरळ रेषा मिळते. प्रयोगात चूक काहीच नाही. चूक होते ती ‘चहाही असाच निवतो’ या पुढच्या वाक्यात. १७०१ साली न्यूटनने हा नियम मांडला तो तापलेल्या लोखंडाच्या आधारे, आणि ते लोखंड त्याने एकसारख्या वाहत्या वाऱ्यात ठेवले होते. लोखंडाची वाफ होत नाही. चहाची होते.

पाण्याचा संपृक्त बाष्पदाब ८० अंश सेल्सिअसला सुमारे ४७ किलोपास्कल असतो, ६० अंशांना सुमारे २०. भोवतालची हवा २८ अंशांवर असेल, तर या टप्प्यात तापमानातील फरक ५२ वरून ३२ वर येतो, पण वाफ होण्याचा जोर निम्म्याहूनही खाली घसरतो. म्हणून उघडा चहा सुरुवातीला नियमाच्या मानाने फार झपाट्याने उतरतो आणि नंतर रेंगाळतो. लॉगचा आलेख काढला तर रेषा वाकते. हा वाक विद्यार्थ्याने स्वतः पाहायला हवा.

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. अमृततुल्यच्या पितळी पातेल्यातला चहा कापडातून गाळून किटलीत आणि किटलीतून पेल्यात पडेपर्यंत धारेधारेने आणखी उतरतो. तरीही पहिला घोट भाजतोच, आणि मग बशी पुढे येते. साडेसहा सेंटिमीटर व्यासाच्या कपात चहाचा पृष्ठभाग ३३ चौरस सेंटिमीटर असतो. तोच चहा बशीत अकरा-साडेअकरा सेंटिमीटर पसरला की पृष्ठभाग जवळजवळ तिप्पट होतो आणि खोली बोटभरही उरत नाही. वर फुंकर घातली की पृष्ठभागालगत साचलेली ओलसर हवा हटते आणि नवी वाफ सुटायला जागा होते. बशीने पिण्याला अडाणीपणा समजणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी: ६५ अंशांहून गरम पेये कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरतात, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये नोंदवले आहे. बशी ती रेषा लवकर ओलांडून देते.

आर्द्रतेबद्दल शिक्षकांचाही एक गैरसमज आढळतो. पावसाळ्यात बाष्पीभवन मंद, म्हणून चहाही सावकाश निवणार, असे सहज सांगितले जाते. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवेतील बाष्पदाब एक-दीड किलोपास्कल असतो, ऑगस्टमध्ये अडीचच्या आसपास. ७० अंशांच्या चहावर तो ३१ असतो, त्यापुढे हा फरक नगण्य ठरतो. माठाची गोष्ट वेगळी. माठातले पाणी हवेपेक्षा थंड असते, त्याच्या पृष्ठभागावरचा दाब दोन-तीन किलोपास्कलच. तिथे एक किलोपास्कलनेही सगळे बदलते, म्हणूनच एप्रिलचा माठ गारेगार आणि श्रावणातला नुसता ओला. चहावर खरा परिणाम होतो तो वाऱ्याचा. पंख्याखालचा कप आणि कोपऱ्यातला कप यांची तुलना वर्गात सहज करता येते.

यासाठी नवे साहित्य लागत नाही. एकाच मापाचे दोन बीकर, प्रत्येकात १०० ग्रॅम पाणी, एकावर झाकण, दुसरा उघडा. दोन्ही ८० अंशांवरून ६० वर येऊ द्यावेत. रसायनशाळेतला ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा तराजू उघड्या बीकरखाली ठेवावा. या उतारात पाणी सुमारे ८,४०० ज्यूल उष्णता गमावते आणि या तापमानाला एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २,३३० ज्यूल लागतात. तराजूने दोन ग्रॅमची घट दाखवली तर वाफेचा वाटा निम्म्याच्या आसपास निघतो. बीकरच्या काचेची उष्णताही हिशेबात धरावी, नाहीतर तो वाटा फुगलेला दिसतो. अप्रकट उष्मा हा शब्द पाठ करवून घेण्यापेक्षा तराजूवरचा आकडा डोळ्यांदेखत उतरताना दाखवणे कितीतरी चांगले.

पहिला प्रयोग साध्या पाण्यावरच करावा. दुधावर किंवा दुधाच्या चहावर थोड्याच वेळात साय धरते, ती वाफ अडवते आणि आलेखाची वळणे उलगडणे अवघड होते. सायीखालचे दूध उशिरापर्यंत कढत का राहते, हा दुसऱ्या तासाचा प्रयोग.