ग्राहकसेवेची पदवी कोणाच्या सोयीची?

अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांत शालान्त शिक्षणानंतर दोन वर्षांत ‘असोसिएट’ पदवी मिळते. तेथील शिक्षणखात्याच्या वर्गीकरणात ‘ग्राहकसेवा साहाय्य’ हा स्वतंत्र विषय असून कॉल सेंटरचे काम त्याच सदरात येते. तक्रार नोंदवावी कशी, संतापलेल्या ग्राहकाला शांत करावे कसे, हे शिकण्यासाठी विद्यार्थी फी भरतात; प्रसंगी कर्जही काढतात.

या शिक्षणाची चेष्टा करण्याचे कारण नाही. मनात राग दाटलेला असताना आवाजातील गोडवा राखणे हेही श्रमच होत. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ साली ‘द मॅनेज्ड हार्ट’ या ग्रंथात विमानसेविकांच्या कामाचा अभ्यास करून त्यांना ‘भावनिक श्रम’ म्हटले. प्रश्न आहे तो या श्रमाच्या मोलाचा.

अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागानुसार या कामाला शालान्त शिक्षण आणि नोकरीवर मिळणारे थोडे प्रशिक्षण पुरते. पंचवीस लाखांहून अधिक माणसे ते करतात. मे २०२४ मध्ये त्यांतील निम्म्यांना ताशी २१ डॉलरही मिळत नव्हते. सर्व व्यवसायांच्या मध्यम पातळीहून हे वेतन खालचे होते. यंत्रांच्या आगमनामुळे या नोकऱ्या घटतील, असाही त्या विभागाचा अंदाज आहे. जे प्रशिक्षण मालकाने पगार देऊन द्यावयाचे, ते विद्यार्थ्याने पदरचे पैसे मोडून घ्यावयाचे, आणि नोकरी बुडाली तर तोटाही त्यानेच सोसावयाचा! मालकाचा खर्च कामगाराच्या माथी मारण्याचाच हा प्रकार आहे.

कम्युनिटी कॉलेजांची कल्पना एवढी कोती नव्हती. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने १९४७ साली शाळेपुढील दोन वर्षांचे शिक्षण सर्वांना मोफत मिळावे, अशी शिफारस केली. त्यात धंदेशिक्षणाबरोबर लोकशाहीचा नागरिक घडविणारे सामान्य शिक्षणही अभिप्रेत होते. ग्राहकाचे हक्क शिकविणाऱ्या वर्गात कामगाराचे हक्कही शिकविले गेले, तरच त्या कल्पनेला न्याय मिळेल. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या आग्नेय राज्यांतील एका दूरसंचार कंपनीच्या सतरा हजारांवर कामगारांनी संप केला. त्यात ग्राहकसेवेतील कर्मचारीही होते. महिनाभराने वेतनवाढीचा करार झाला. गोड बोलण्याचे मोल वाढले ते प्रमाणपत्रामुळे नव्हे, संघटनेमुळे.

हा प्रश्न सातासमुद्रापलीकडचा म्हणून सोडून देता येणार नाही. अमेरिकी ग्राहकांचे फोन पुण्या-मुंबईतील तरुण-तरुणी रात्र जागून घेत आले आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची वाट आपल्याकडेही खुली केली आहे. ही वाट गरिबाघरच्या मुलांना पुढील शिक्षणाकडे नेणार, की स्वस्त मजुरीच्या बाजारात सोडणार?

असा अभ्यासक्रम जेथे निघेल, तेथे कार्यकर्त्यांनी तीन प्रश्न विचारावेत. खर्चाचा वाटा मालक उचलतो काय? या दोन वर्षांच्या आधारे पूर्ण पदवी घेता येते काय? अभ्यासक्रमात कामगार कायदा आहे काय? उत्तरे नकारार्थी असतील, तर ते शिक्षण नव्हे. विद्यार्थ्याच्या खर्चाने चाललेली मालकाची नोकरभरती होय.