चार आठवड्यांत न भरलेली जखम

कोल्हापूरच्या राजारामपुरीत गल्लीगल्लीत दवाखाने आणि लॅब आहेत. कागल, राधानगरी, गडहिंग्लजकडून सकाळच्या एसटीनं निघालेली माणसं अकराच्या सुमारास आमच्या लॅबच्या बाकावर येऊन बसतात. त्यांतले एक आजोबा माझ्या कायम लक्षात राहिले. सगळा जन्म उसाच्या शेतात गेलेला. नाकाच्या बाजूला चिकटपट्टी. सूनबाई म्हणाली, "मामा, दावा की डॉक्टरांस्नी." पट्टी काढली तर खाली हरभऱ्याएवढी जखम, मधे खपली आणि भोवती मण्यांसारखी चकाकणारी उचललेली कड. दोन वर्षं झाली होती. तेवढ्या काळात चार मलमं लावून झाली, झाडपाला झाला, चुनाही झाला. मी हातमोजे घातले तशी त्यांनी हात आडवा धरला. "हात लावला की ते पसरतंय म्हणत्यात न्हवं?"

या एका भीतीपायी माणसं वर्षं घालवतात, म्हणून हे लिहितो आहे. पेशी खरवडून घेतल्यानं त्वचेचा कॅन्सर पसरत नाही. तो वाढतो तो आपण मलमं बदलत बसतो तेवढ्या काळात.

ही तपासणी असते तरी कशी? खपली सलाइनच्या ओल्या गॉजनं भिजवायची आणि अलगद उचलायची. खालचा तळ ब्लेडनं हलकेच खरवडायचा. निघालेला अंश काचपट्टीवर पातळ पसरायचा. एक पट्टी हवेत वाळवतो, दुसरी लगेच अल्कोहोलमध्ये बुडवतो. थोडं रक्त येतं, गॉज दाबून धरला की थांबतं. टाका पडत नाही. गाठ कातडीखाली असेल तर बारीक सुईनं पेशी ओढून घेतात; या तपासणीला आम्ही एफएनएसी म्हणतो. पट्ट्या रंगवून झाल्या की पुष्कळदा त्याच दिवशी निदानाची दिशा कळते.

आजोबांच्या काचपट्टीवर गडद, लहान पेशींचे घट्ट पुंजके होते आणि पुंजक्यांच्या कडेला पेशी कुंपणाच्या खांबांसारख्या ओळीनं उभ्या होत्या. ही बेसल सेल कार्सिनोमाची खूण. हा कॅन्सर दूरच्या अवयवांत क्वचितच जातो, पण जागच्या जागी नाक, पापणी, कान पोखरत राहतो. वेळेत काढला तर सहसा पूर्ण बरा होतो. २०१८ मध्ये कॉक्रेन या संस्थेनं नऊ अभ्यास एकत्र तपासले. डॉक्टरांना आधीच संशय आलेल्या जागांमध्ये, खरवडून केलेल्या तपासणीनं अशा शंभर कॅन्सरांपैकी सुमारे ९७ ओळखले होते.

या तपासणीची मर्यादाही सांगायलाच हवी. पेशी पाहून रोग किती खोल गेला आहे ते कळत नाही. रिपोर्टमध्ये काही निघालं नाही आणि जखम मात्र तशीच राहिली, तर बायोप्सी, म्हणजे छोटा तुकडा काढून तपासणी, करावीच लागते. आणि वाढणारा, रंग बदलणारा काळा तीळ कुणीही खरवडायचा नाही. तो मेलानोमा असू शकतो. त्यात खोलीच महत्त्वाची, म्हणून शक्यतो तो पूर्ण काढूनच तपासतात. आपल्याकडे तो बरेचदा तळपायावर किंवा नखाखाली निघतो आणि काटा रुतला असेल म्हणून सोडून दिला जातो.

आपल्या सावळ्या कातडीला उन्हापासून बरंच संरक्षण असतं, त्यामुळे हे रोग आपल्याकडे कमी आहेत. पण कमी असल्यामुळेच कुणाला शंका येत नाही. शिवाय आपल्याकडे त्यांच्या वाटा वेगळ्या आहेत. गुऱ्हाळघरात उकळत्या काहिलीतला रस अंगावर उडून, चुलीवर किंवा स्टोव्हच्या भडक्यात भाजलेली माणसं या जिल्ह्यात कमी नाहीत. भाजल्याच्या जुन्या व्रणावर कित्येक वर्षांनी, कधी तीस वर्षांनीही, पुन्हा जखम उघडते. ती स्क्वॅमस सेल कार्सिनोमा असू शकते, आणि हा प्रकार जांघेतल्या, काखेतल्या गाठींपर्यंत जाऊ शकतो.

दुसरी वाट कमरेची. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलचे डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यानं १९४५ साली धोतराच्या गाठीखाली होणारा कॅन्सर जगापुढे मांडला. तीच गोष्ट २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी पुन्हा सांगितली. एका सत्तर वर्षांच्या बाईंच्या कुशीवर परकराच्या नाडीच्या जागी दीड वर्षं न भरलेली जखम होती. दुसऱ्या बाई चाळीस वर्षं लुगडं कमरेला घट्ट आवळून नेसत होत्या. त्यांचा रोग जांघेतल्या गाठीत पोचला होता. म्हणून नाडी सैल बांधा, रुंद पट्टा वापरा, गाठीची जागा बदलत राहा. तिथं काळा, खरबरीत पट्टा पडला असेल तर त्यावर नजर ठेवा.

आता करायचं काय ते सांगतो. चार आठवड्यांत न भरलेली जखम, टॉवेलनं पुसताना पुन्हापुन्हा रक्त येणारा फोड, खपली पडून परत धरणारी जागा, जुन्या व्रणावर उगवलेली गाठ: यांतलं काहीही असलं तर कातडीच्या डॉक्टरांना दाखवा. मेडिकलमधून न विचारता ट्यूब आणू नका. स्टेरॉइडच्या मलमानं रूप पालटतं आणि निदान अवघड होतं. चुना, बिब्बा लावून जाळू नका. खासगी दवाखाना परवडत नसेल तर सरकारी सीपीआरला, आपल्या थोरल्या दवाखान्यात, जा. कधीपासून आहे, काय काय लावलं, आधी तिथं भाजलं होतं का, हे न लपवता सांगा. कॅन्सर निघालाच तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत त्यावरचे उपचार आहेत. रेशन कार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा.

एक विनंती लेकीसुनांना. आत्याबाई कमरेची जखम आपणहून दाखवणार नाहीत. लाजेनं पदराखाली झाकतील, "हाय बारकंसं" म्हणतील. तुम्ही विचारा. अंघोळीचं पाणी काढून देताना पाठ, कंबर, तळपाय बघून घ्या.

आजोबांची जखम शस्त्रक्रियेनं निघाली. नाकाच्या पाळीवर त्वचा लावावी लागली, कारण दोन वर्षांत जखम पाळीपर्यंत पोचली होती. पुढच्या तपासणीला आले तेव्हा त्यांनी शेजारच्या गावचा एक माणूस हाताला धरून आणला होता. त्याच्या कानावर पट्टी होती. आजोबाच त्याला म्हणाले, "काढ ती. काय होत न्हाई."