कॅपनंतरची कळ

लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठाच्या दंत विभागात हरदोई, सीतापूर, बहराइचकडूनही रुग्ण येतात. दाढेवर कॅप बसते आणि माणूस गावी परततो. घरी बधिरता उतरते, घोटभर गार पाण्याने कळ थेट कानशिलापर्यंत जाते. आता विचारायचे कुणाला? गडचिरोलीहून नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात येणाऱ्याचीही हीच अडचण.

घाबरण्यासारखे बहुतेक वेळा काही नसते. कॅपसाठी दात चहूबाजूंनी एक-दोन मिलिमीटर घासावा लागतो. रूट कॅनाल न केलेला, म्हणजे जिवंत दात असेल, तर घासण्याची उष्णता आणि सिमेंटचा आम्लपणा आतल्या नसेला सोसावा लागतो. गार लागताच क्षणभर शिवशिवते आणि आठ-पंधरा दिवसांत ओसरते.

पण तोंड मिटताना तीच दाढ आधी टेकत असेल, तर कॅप उंच राहिली आहे. अर्धा जबडा बधिर, त्यात खुर्चीत आडवे पडलेले. अशा वेळी ‘चावून बघा, उंच लागते का’ असे विचारले तर रुग्ण काय सांगणार? बधिरता उतरल्यावर त्याला सरळ बसवावे, रंगीत कागद दातांत धरायला लावावा, जिथे गडद ठसा उमटेल तेवढेच घासावे. काही मिनिटांचे काम आहे. त्याऐवजी ‘होईल सवय’ म्हणून रुग्णाची बोळवण करणे हा हलगर्जीपणा आहे, आणि तो सर्रास चालतो.

गरम चहाने उठलेली कळ रेंगाळत असेल, दात रात्री आपोआप ठणकत असेल, तर वाट पाहूच नये. नस दुखावलेली असते. कॅपला भोक पाडूनही रूट कॅनाल करता येते. रूट कॅनाल झालेल्या दाताला मात्र गार-गरम कळतच नाही. तो चावताना दुखत राहिला आणि कॅप उंच नसली, तर मुळाशी जंतुसंसर्ग किंवा तडा आहे का, हे एक्स-रे काढून पाहावे लागते. सूज आली, ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

एवढा मजकूर रुग्णाच्या भाषेत छापून, कॅप बसवतानाच त्याच्या हाती द्यायला काय हरकत आहे? केसपेपरवर पुढची तारीख आणि फोन नंबर लिहावा. कॅप उंच लागते म्हणून परत आलेल्याकडून दुसऱ्यांदा पैसे घेऊ नयेत. आणि लांबून आलेल्या रुग्णाला निदान बधिरता उतरेपर्यंत बाहेरच्या बाकावर थांबवून घ्यावे.