पाणी तपासलं म्हणता, मग कागद दाखवा!



पाऊस लागला. आता दाभोशाचा धबधबा बघायला गाड्यांची रांग लागेल. पण याच लेंडी नदीच्या अंगाला वैशाखात आपल्या बाया झिऱ्यातून वाटी वाटीने हंडा भरत होत्या. पाणी कमी, ही आपली जुनी लढाई. ती चालूच आहे. पण जे पाणी मिळतं ते पिण्यासारखं आहे का, हेही आता विचारायला पाहिजे.

मागे आम्ही एका पाड्यावर बैठकीला गेलो. चार घरांत जुलाबाने माणसं आडवी. विचारलं तर उत्तर आलं, "पाणी तपासलंय, चांगलं आहे." आम्ही कागद मागितला. नमुना निघाला रस्त्याकडच्या नळाचा, तोही दिवाळीच्या आधीचा. पाडा पितो झिऱ्याचं. कागद खोटा नव्हता, पण तो पाड्याच्या पाण्याचा नव्हता.

म्हणून तपासणी म्हणजे काय, ते आपणच समजून घेऊ. पिण्याच्या पाण्याचं देशाचं मानक आहे, आय.एस. १०५०० (२०१२). त्यात लिहिलंय की १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय जंतू एकही सापडता कामा नये. हा जंतू माणसाजनावरांच्या विष्ठेतून येतो. तो सापडला म्हणजे पाण्यात घाण मिसळली, आणि त्याच वाटेने कॉलरा, कावीळही येते. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नको. फ्लोराईड १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक; दुसरं पाणीच नसेल तर १.५ पर्यंत. त्याच्या वर वर्षानुवर्षं प्यायलं तर दात, हाडं खराब होतात. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या गावांनी हे भोगलंय.

यातलं काही डोळ्याला दिसत नाही. पाणी नितळ आहे म्हणून चांगलं, असं नाही. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट, फ्लोराईड जात नाही. टीसीएल पावडर टाकली तर अर्धा तास थांबावं लागतं, आणि शेवटच्या नळालाही लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे. ओ.टी. टेस्टमध्ये पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे, नाही झालं तर नाही. उघड्या पोत्यात ओल धरलेल्या पावडरीला जोर राहत नाही.

जुलाब लागलेल्या पोराच्या अंगी अन्न लागत नाही. १९९२ साली वावर-वांगणीत आपली लेकरं गेली, तेव्हा सगळे कुपोषणावर बोलले. पण कुपोषण फक्त ताटातून येत नाही, हंड्यातूनही येतं.

मोखाड्यातल्या मध्य वैतरणा धरणाचं पाणी मुंबईला जातं. तिथे ते गाळून, क्लोरीन घालून, तपासून मगच नळाला सोडतात. चांगलंच आहे, मुंबईच्या लेकरांनाही चांगलं पाणी मिळावं. पण ज्या डोंगरातून ते पाणी निघतं, तिथल्या पोरांचं पाणी का तपासायचं नाही?

आपली मागणी साधी आहे. पाडा जे पाणी पितो त्याचाच नमुना घ्या, मग तो झिरा असो, विहीर असो की हातपंप. पावसाआधी आणि पावसानंतर घ्या. नमुना घेताना पाड्यातल्या दोन बाया हजर पाहिजेत. अहवाल ग्रामसभेत मोठ्याने वाचा: कुठलं पाणी, कुठली तारीख, काय सापडलं, हद्द किती. ग्रामपंचायतीला लाल कार्ड मिळालं की हिरवं, तेही सांगा. सांगत नसतील तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका.

झिरा खराब निघाला तर नळ आणा. वनजमिनीमुळे पाइप अडला असं कोणी म्हणालं तर वनहक्क कायद्याचं कलम ३(२) दाखवा. ग्रामसभेने शिफारस केली, जागा एक हेक्टरपेक्षा कमी असली आणि हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटणार नसली, तर पिण्याच्या पाण्यासाठी वनजमीन देता येते.

जमिनीचा सातबारा मागायला आपण शिकलो. आता पाण्याचा कागद मागायला शिकू.

जल, जंगल, जमीन आमची! जिंदाबाद!