नाव कोणी ठरवावयाचे?

१९२३ साली लोझान येथे झालेल्या करारान्वये ग्रीस व तुर्कस्तान यांनी आपापल्या लोकसंख्येची सक्तीने अदलाबदल केली. तीतून इस्तंबूलचे ग्रीक आणि पश्चिम थ्रेसचे मुसलमान वगळले गेले. तेव्हापासून हे दोन्ही समाज जणू ओलीस ठरले. १९५५ साली इस्तंबूलमध्ये ग्रीकांची दुकाने लुटली गेली, १९६४ साली हजारो ग्रीकांना हद्दपार करण्यात आले. आणि त्याचे उट्टे थ्रेसच्या सरहद्दीवर तंबाखू पिकविणाऱ्या मुसलमान शेतकऱ्यावर निघाले.

ग्रीक नागरिकत्व कायद्याच्या एकोणिसाव्या कलमाने १९५५ ते १९९८ या काळात सुमारे ६०,००० लोकांचे नागरिकत्व गेले. त्यांत बहुसंख्य थ्रेसचे मुसलमान होते. ग्रीक वंशाचा नसलेला मनुष्य परत न येण्याच्या इराद्याने देशाबाहेर गेला, असे सरकारी दप्तराने ठरविले की पुरे! पुढे कलम रद्द झाले; परंतु गेलेले नागरिकत्व त्यामुळे आपोआप परत मिळाले नाही.

ग्रीस या समाजाला 'मुसलमान' मानतो, 'तुर्क' म्हणत नाही. लोझानच्या तहात धर्माचाच उल्लेख आहे, हे खरे. परंतु झांथीच्या तुर्की संघाच्या बाजूने युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००८ साली निर्णय दिल्यावरही वर्षानुवर्षे त्याची नोंदणी झाली नाही, याचे समर्थन तहाने कसे होणार? याच समाजातील पोमाकांना तुर्क ठरविण्याचा अधिकार अंकारालाही नाही. शेजाऱ्याच्या अपराधाची शिक्षा स्वतःच्या नागरिकास देणारे राज्य आपलीच सरहद्द दुबळी करते, असे आमचे स्पष्ट मत आहे.