बिऱ्हाड मोठ्या डिस्कवर

लग्नाचे व्हिडिओ, मुलांचे फोटो, घराची स्कॅन केलेली कागदपत्रे, सगळे एका जुन्या संगणकात साठवायची सवय आता बऱ्याच घरांत आहे. त्यावर ट्रूनॅस किंवा फ्रीबीएसडी असेल, तर आत झेडएफएस ही फाइल-व्यवस्था असू शकते. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीत जेफ बॉनविक आणि मॅथ्यू एरन्स यांनी २००१ साली तिचे काम सुरू केले, २००५ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. लिहिलेल्या प्रत्येक तुकड्याचा ताळा ती जपते आणि वाचताना पडताळून पाहते. फोटोंच्या बाबतीत हा गुण लाखमोलाचा!

झेडएफएस डिस्कवरची जागा एका हौदासारखी वापरते. त्यालाच पूल म्हणतात. एका डिस्कचा पूल भरत आला की मोठी डिस्क आणली जाते, आणि खरा धोका तिथे सुरू होतो. आज्ञा दोन आहेत : ‘झेडपूल अटॅच’ आणि ‘झेडपूल ॲड’. दिसायला सख्ख्या बहिणी, स्वभाव मात्र उलटे. ‘अटॅच’ने नवी डिस्क जुनीचा आरसा होते, दोन्हींवर तोच मजकूर राहतो. ‘ॲड’ने ती त्याच हौदाचा दुसरा भाग म्हणून जोडली जाते आणि नवा मजकूर दोन्हींवर विभागून पडू लागतो. मग एक डिस्क गेली की पूलच गेला. एका डिस्कच्या पूलला दुसरी एकटी डिस्क अशी जोडताना यंत्र या धोक्याची सूचनाही देत नाही. चुकून जोडलेली डिस्क काढण्याची सोय आता आहे, पण सर्वच प्रकारच्या पूलांना ती लागू नाही. म्हणून ‘ॲड’ आधी ‘वजा एन’ लावून चालवावी; पूल कसा दिसेल ते नुसते दाखवले जाते, प्रत्यक्षात काही बदलत नाही.

‘अटॅच’ केल्यावर नव्या डिस्कवर नक्कल सुरू होते. तिला रिसिल्व्हर म्हणतात. डिस्कचा रिकामा भाग वगळून फक्त भरलेला मजकूर उतरतो, आणि तेवढ्या वेळात घरच्यांना फोटो पाहायलाही आडकाठी नसते. ती संपली की लगेच जुनी डिस्क उपटायची घाई नको. ‘स्क्रब’ चालवून सगळा ताळा पुन्हा तपासावा, ‘झेडपूल स्टेटस’मध्ये चुकांच्या रकान्यांत शून्य दिसले पाहिजे.

मग जुनी डिस्क वेगळी करायची. बहुतेक जण ‘डिटॅच’ वापरतात, पण त्याने त्या डिस्कवरची पूलची ओळख पुसली जाते आणि आतला मजकूर सहजासहजी उघडत नाही. त्याऐवजी ‘झेडपूल स्प्लिट’ला जुन्या डिस्कचे नाव द्यावे. ती नव्या नावाचा स्वतंत्र पूल होते आणि कपाटात ठेवण्याजोगी जिवंत प्रत हाती राहते.

एवढे करूनही जागा जुनीच दिसली, तर घाबरू नये. ‘झेडपूल ऑनलाइन वजा ई’ दिले की पूल नव्या डिस्कभर पसरतो. चार टेराबाइटची डिस्क तिथे सुमारे ३.६३ दिसते, कारण कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि संगणक १०२४च्या. दुकानदाराने फसवलेले नसते. मात्र संगणक याच डिस्कवरून सुरू होत असेल, तर सुरुवातीचा बूट-भाग या नकलेत येत नाही. तो नव्या डिस्कवर वेगळा बसवून, जुनी काढलेली असताना संगणक एकदा सुरू करून पाहावा.