उंबऱ्याबाहेरची दांडगाई

घर तुमचे, फाटक तुमचे, चारचाकी तुमची. पण फाटकाबाहेरचा रस्ता तुमच्या नावावर कोणी केला? अहिल्यानगरात सावेडी, केडगाव, बुरूडगाव रस्ता, कुठेही संध्याकाळी पायी निघा आणि पन्नास पावले सलग सपाट चालून दाखवा. फाटकामागून फाटक, आणि दर फाटकापुढे सिमेंटचा उतार! एकाची उंची दुसऱ्याशी जुळत नाही. जो तो आपल्या गाडीचे चाक मोजतो आणि गवंड्याला रस्त्यावर बोट दाखवतो.

आम्ही परवाच पाहिलेला एक उतार असा. दहा फूट रुंद, चाक घसरू नये म्हणून ओल्या सिमेंटवर सुतळीने ओढलेल्या रेघा, कडेला दोन कुंड्या. खाली हातभर रुंदीचे गटार होते, तिथे आता चार इंची पाइप घातलेला. पाइपच्या तोंडाशी दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, नारळाच्या शेंड्या. भाजीची पिशवी घेऊन एक आजी आल्या, उतारापाशी थांबल्या, कुंपणाच्या भिंतीला हात लावून पाहिला आणि शेवटी डांबरावर उतरल्या. मागून टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. त्या उताराने मालकाची गाडी सुखरूप घरात घेतली आणि आजींना वाहनांच्या तोंडी दिले. याला आम्ही सोय म्हणणार नाही. ही दांडगाई आहे.

कायदा मुका नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे कलम 229 सांगते की आयुक्तांच्या परवानगीवाचून सार्वजनिक रस्त्यावर किंवा गटारावर भिंत, कुंपण, पायरी असे काहीही उभारून जागा अडवता येणार नाही. कलम 231 तर असे बांधकाम नोटीस न देता काढण्याचा अधिकार आयुक्तांना देते. पायरी हा शब्द त्या कायद्यात स्पष्ट आहे! मग आमचा सरळ सवाल आहे: शहरात किती उतारांना परवानगी दिली, किती शुल्क घेतले, किती फोडले? यादी प्रभाग कार्यालयाच्या दारावर लावा. नागरिकांना वाचू द्या.

या उतारांपेक्षाही जास्त संताप येतो तो दुजाभावाचा. भाजीची हातगाडी घंटाभर कोपऱ्यावर थांबली की अतिक्रमणवाल्यांची गाडी येते आणि तराजू उचलून नेते. 2014च्या पथविक्रेता कायद्याने त्या गरिबाला प्रमाणपत्र घ्यायला लावले, शुल्क भरायला लावले. त्याची गाडी रात्री घरी तरी जाते. बंगल्यापुढचा उतार मात्र दिवसरात्र, बारा महिने, पिढ्यान्‌पिढ्या रस्त्यावर बसलेला असतो. पोटासाठी चार फूट जागा वापरणाऱ्याला पावती, आणि मोटारीसाठी दहा फूट गिळणाऱ्याला माफी. हा न्याय कुठला?

घरमालकांचीही एक बाजू आहे आणि ती खोटी नाही. जुना थर न खरवडता त्यावर नवा थर, डांबरावर काँक्रीट, असे करत रस्ते वर चढत गेले आणि जुन्या घरांचे उंबरे खाली राहिले. पाणी आत येऊ नये म्हणून माणूस हातपाय हलवणारच. गाडी आत घेणे हाही गुन्हा नव्हे. पण रीतसर मार्ग असावा लागतो. ब्रिटनमध्ये घरापुढची पदपथाची कड उतरवून घ्यायची तर मालक स्थानिक कौन्सिलकडे अर्ज करतो, खर्च स्वतः भरतो, आणि काम कौन्सिलला मान्य असलेल्या पद्धतीनेच होते. कडेचा दगड तेवढा खाली जातो, चालणाऱ्याची वाट शाबूत राहते. इथेही मालकाने पैसे मोजलेच आहेत की! गवंडी, वाळू, सिमेंट फुकट आलेले नाही. मग तोच पैसा महापालिकेच्या आराखड्याप्रमाणे का लागू नये?

गणित अवघड नाही. चाकाच्या खुर्चीसाठी एकास बारा हा उतार मान्य आहे, म्हणजे 15 सेंटिमीटर चढायला 180 सेंटिमीटर लांबी. भारतीय रस्ते काँग्रेसची मार्गदर्शक तत्त्वे पदपथावर किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी मागतात. आपल्याकडे तीन फुटांत दीड फूट चढवलेले उतार आहेत. त्यावरून खुर्ची ढकलून दाखवावी, आम्ही शब्द मागे घेऊ. 14 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनाअडथळा, दिव्यांगांना वापरता येणारा पदपथ हा घटनेच्या 21व्या कलमातला, म्हणजे जगण्याच्या हक्कातला भाग ठरवला आहे. जगण्याचा हक्क कुणाच्या पार्किंगखाली गाडता येत नाही.

याच शहरात निजामशाहीत कापूरवाडीकडून खापरी नळांनी जमिनीखालून पाणी आणले गेले. विजेचा पंप नाही, फक्त उताराचा अचूक हिशेब. त्या शहराला आज पावसाचे पाणी दारापुढून वाहते ठेवता येऊ नये, कारण गटारावर ज्याने त्याने आपला सिमेंटचा ढिगारा ओतला आहे. ढापा उचलता येत नाही, तर सफाई कामगार गाळ काढणार कुठून? तुंबलेले पाणी मग शेजाऱ्याच्या घरात शिरते, आणि ज्याच्या उताराने ते तुंबवले तो गॅलरीतून बघत उभा राहतो.

आमची मागणी स्पष्ट आहे. महापालिकेने उताराचा एकच नमुना आराखडा ठरवावा, गटारावर उचलता येणारी जाळी सक्तीची करावी, शुल्क जाहीर करावे, अर्जावर ठरावीक दिवसांत निर्णय द्यावा. रस्ता उंच करून ज्यांचे घर खड्ड्यात घातले, त्यांच्याकडून छदामही घेऊ नये. तो खर्च ठेकेदाराच्या आणि महापालिकेच्या माथी मारावा. बाकीच्यांना मुदत द्यावी. मुदत संपल्यावर ज्याच्या हाती परवानगीचा कागद नसेल त्याचा उतार फोडावा, आणि पहिला घण अधिकाऱ्यांच्या व नगरसेवकांच्या दारापुढे पडावा.